नूतनचा आजार आणि मी

३ नोव्हेंबर, सोमवार
शेवटी लक्षात आलं. नूतनला चिंतेचा आजार आहे. सुपरवायझर सरांचा तास चालू असताना स्टाफरूममध्ये मोबाईलवर सगळं वाचून काढलं. उगाच काळजी, पुन्हा पुन्हा खात्री करणं, वाईट होईल असं वाटणं. तंतोतंत! बाहेर पडताना गॅसचं बटण बघते. प्रज्ञाला रोज संध्याकाळी फोन करते. बिचारी. सव्वीस वर्षांच्या संसारात मला हे कळू नये? आणि मी विज्ञानाचा शिक्षक!

२३ तारखेला धुळ्यात प्रज्ञाच्या फिजिओथेरपी क्लिनिकचं उद्घाटन आहे. आमची एकुलती एक पोर. रिबीन माझ्याच हातून कापायची, असा तिचा हट्ट. तोवर नूतनला बरं करायचंच, असा संकल्प सोडला.

ता. क. गेल्या शनिवारी क्लिनिकचा गाळा बघायला जळगावहून धुळ्याला निघालो होतो, तो मी एरंडोललाच उतरलो. त्याचा या विषयाशी संबंध नाही. गॅस धरला होता.

६ नोव्हेंबर
नूतनसाठी ऑक्सिमीटर आणला. तिने बोट घालायला साफ नकार दिला. (हेही लक्षण.) माझं बघितलं. ९८. जेवल्यावर ९८. जिना चढून ९८. इतकं एकसारखं कुणाचं असतं? मशीन अडकलं असणार. सेल बदलले. ९८. उद्या दुकानदाराशी बोलतो.

९ नोव्हेंबर, रविवार
असोद्याला आईकडे भरीत-पुरी. दुसऱ्यांदा वाढून घेताना छातीत धडधड, हाताला मुंग्या, घाम. ताट सरकवून ओट्यावर जाऊन बसलो. भाऊबंद म्हणाले मिरची जास्त झाली. आई मागोमाग आली. म्हणाली, मोत्या, तुले भ्याव वाटते रे, दुसरं काही नाही. तुझ्या बापालेबी असंच होये, तो कोनाले सांगे नाही.

आईचं, म्हणजे पार्वताबाईंचं, वय झालं. आता काहीही बोलतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ
रंगीत तालीम म्हणून एकटाच धुळ्याच्या बसने निघालो. दाराजवळची सीट. पाळधीच्या आधीच हृदय कानात वाजायला लागलं. श्वास पुरेना. बसमधल्या सगळ्यांना दिसतंय असं वाटलं. कुणी बघतही नव्हतं, ते जास्त वाईट.

कंडक्टर बाईंना म्हटलं, गाडी थांबवा, घरी इस्त्री चालू राहिली. त्या म्हणाल्या, काका, फोन लावा की घरी. मी म्हणालो, बायकोला चिंतेचा आजार आहे, ती घाबरेल. बाई म्हणाल्या, लावून तर बघा. लावला. नूतन शांतपणे म्हणाली, इस्त्री महिनाभरापासून बिघडलेली आहे.

तरी उतरलो. उतरल्याबरोबर बरं वाटलं. म्हणजे दोष बसचा. पत्रा, डिझेलचा वास, बंद काचा. विज्ञान हेच सांगतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी आठवीला रक्ताभिसरण शिकवत होतो. हृदयाची डावी जवनिका फळ्यावर काढली आणि माझंच हृदय थांबलं. (थांबलं असं वाटलं.) मुख्याध्यापकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नूतनलाही बोलावून घेतलं. ईसीजी नॉर्मल. रक्त नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे सर, एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हे म्हणताना ते नूतनकडे बघत होते. अनुभवी माणूस. एका नजरेत ओळखलं त्यांनी तिचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
नूतनला घेऊन डॉ. नौशीन यांच्याकडे गेलो. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. नूतनची लक्षणं मी सविस्तर सांगितली. धडधड, घाम, मुंग्या, आता मरतो असं वाटणं.

डॉक्टरांनी विचारलं, हे त्यांना बसमध्ये होतं का? मी म्हणालो, छे, ती बसमध्ये झोपते. मग कुणाला होतं? नूतनने पर्समधून चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याकडे बघत बसली.

मग अर्धा तास माझ्यावरच गेला. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात म्हणे. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. लाट चढते, शिगेला पोचते, आपोआप उतरते. पण प्रत्येक वेळी आपण उतरून पळालो, की शरीर समजतं, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. मग माणूस बस सोडतो, बाजार सोडतो, लग्नं सोडतो. पुष्कळांना होतं. हा भित्रेपणा नाही, आणि उपचारांनी बरं वाटतं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, सर, आतापर्यंत किती वेळा मेलात? नूतन मोठ्यांदा हसली. दवाखान्यात हे शोभत नाही.

गोळी आणि समुपदेशन सुचवलं. गोळी नाकारली. माझ्याकडे इच्छाशक्ती आहे. श्वासाचा व्यायाम करीन म्हटलं. नूतनला सोबत म्हणून.

२२ नोव्हेंबर, शनिवार
तयारी जय्यत. बस नको. शेजारच्या खाजाभाईंची इको गाडी ठरवली. ते सोफ्याचं काम करतात, त्यामुळे सीट उत्तम. मी पुढे बसणार. काच उघडी. ओवा, लिंबू, पाणी. चार ओळींचं भाषण पाठ. बुद्धवंदना अकराला, रिबीन त्यानंतर. आपण सकाळी सातलाच निघायचं. बघूच, कोण अडवतं!

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार
घरी आहे.

पारोळ्यापर्यंत गेलो हे आधी नोंदवतो. एरंडोलच्या पुढे गेलो! खाजाभाई वाटेत प्रत्येक टपरीवर म्हणत, सर, गॅस है, सोडा मारो. तीन सोडे मारले. पारोळ्याजवळ समोर कंटेनर उलटलेला, रांग लागलेली, पुढेही गाडी, मागेही गाडी. तिथे लाट आली. लाट कसली, गिरणा नदीचा पूर. मी दार उघडून रस्त्यात उतरलो आणि म्हणालो, गाडी फिरवा.

नूतन म्हणाली, बसा जरा, उतरेल. मी म्हणालो, मी मरतोय. ती म्हणाली, नाही मरत. मी म्हणालो, तुला कळत नाही. मग तीही गाडीतून उतरली. रांग हलली तशी मागून आलेल्या लाल बसला हात केला, पेढ्यांचा खोका घेतला आणि चढली. खिडकीतून एवढंच म्हणाली, फोन चालू ठेवा.

चिंतेची पेशंट. एकटी. बसने.

खाजाभाई परतीच्या वाटेवर सोड्याचं नावही काढेनात.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळ
प्रज्ञाने व्हिडिओ पाठवला. रिबीन नूतनने कापली. मागे कुणीतरी विचारतं, सर कुठे आहेत? नूतन हसून म्हणते, येताहेत, रस्त्यात आहेत. प्रज्ञा दाराकडे बघते. पुन्हा बघते.

व्हिडिओ परत लावला नाही. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
प्रज्ञा पहिले पेशंट तपासून जळगावला आली. रागावेल म्हणून मी आधीच कंटेनरची माहिती तयार ठेवली होती. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, पप्पा, माझ्याकडे एक काका आले, गुडघा दुखतो म्हणून सहा महिने घराबाहेर पडले नाहीत. गुडघा तितका बिघडलेला नव्हता, न चालल्यामुळे पाय बारीक झाला. मी त्यांना रागावले नाही. दुखणाऱ्यावर कुणी रागावतं का? चालायला लावलं.

मी म्हणालो, माझा गुडघा चांगला आहे. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
डॉ. नौशीन यांच्याकडे गेलो. नूतनला बाहेर बसवलं. डॉक्टर म्हणाल्या, बोला, काय होतंय मॅडमना? मी म्हणालो, मॅडमना काही होत नाही. मला होतं. वाक्य फार लहान होतं, पण घशातून यायला वेळ लागला. मग थांबलोच नाही. वडिलांचंही सांगितलं. आठवड्यातून एकदा समुपदेशन, आणि गोळी. गोळी आपल्या मनाने सुरू-बंद करायची नाही. बसचा सराव हळूहळू. घाई नाही.

मन अगदी हलकं झालं. निम्मा बरा झालोच आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार
गोळीच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. तुमच्यासारख्यांनी तो वाचत बसू नये, शंका आली तर मला फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जेवण होताच वाचला. दोन्ही बाजू.

मळमळ. चक्कर. तोंडाला कोरड. हाताला कंप. ज्या क्रमाने छापलंय, त्याच क्रमाने सुरू झालं. नूतनला ओरडून बोलावलं. म्हटलं, बघ, मी म्हणत होतो ना, ही गोळी मला झेपणार नाही!

तिने पाकीट हातात घेतलं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग शेजारी बसून माझा हात धरला आणि म्हणाली, अहो, गोळी अजून घेतलीच नाही तुम्ही.