येत्या रविवारी सर आहेत

सर, गेल्या गुरुवारी भरदुपारी तुम्ही मला पुन्हा एकदा मान हलवताना पकडलंत. मी दूध संकलन केंद्राच्या ऑफिसात एकटीच होते. सकाळचं दूध टँकरनं गेलेलं, कॅन धुऊन उन्हात पालथे घातलेले, आणि मी मोबाईलवर ऑनलाइन एमबीएचे डेमो क्लास बघत होते. नोकरी सोडून शहरात शिकायला जाणं परवडणारं नाही, आणि केंद्राची व्यवस्थापक व्हायचं तर मान्यता असलेली पदवी लागते. व्यवस्थापक झाले तर वडवणीच्या आसपासच्या बायकांच्या दुधाला नीट भाव मिळवून देईन, मग दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोयता घेऊन निघणारी निदान काही घरं गावात राहतील, असं मी अजूनही मनापासून मानते. एका संस्थेचा डेमो लावला आणि पडद्यावर तुम्ही आलात. तोच चौकड्यांचा शर्ट. बोलायच्या आधी टेबलावरून बोट फिरवून राख बघायची तीच सवय, जणू पडद्यावरच्या त्या बंद खोलीतही परळीच्या वीज केंद्राची राख उडून आली असावी. "नफा वेगळा आणि हातातली रोकड वेगळी. कळालं का?" असं विचारून तुम्ही थांबलात. मी मान हलवली. "ए, खिडकीपाशी बसलेली," तुम्ही म्हणालात, "नंदीबैलासारखी मान हलवू नको." मी खिडकीपाशीच बसले होते.

बारावीत तुम्ही मला याच शब्दांत उभं केलं होतं. "कळालं नसंल तर न्हाई म्हण. न्हाई म्हणायला लाज कशाची?" सगळा वर्ग हसला होता, मी हापशावर जाऊन रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा बटणं झिजलेला कॅल्क्युलेटर माझ्या बाकावर ठेवून पुढं गेलात. तो अजून चालतो. त्याच वर्षी तुम्ही एकदा सांगत होता, "पुण्याला जाऊन कॅमेऱ्याला शिकवून आलो. समोर कुणीच न्हाई. मग तुमालाच एकेकाला डोळ्यापुढं बसवलं." म्हणजे ते रेकॉर्डिंग असणार. मी स्वतःची समजूत अशीच घातली. कारण त्यानंतर दिवाळीच्या आत तुम्ही तापानं गेलात. परळीला आम्ही मुलीही आलो होतो. लांब उभ्या होतो, पण धूर मी पाहिला आहे, सर.

संध्याकाळी त्या संस्थेच्या मुलाचा फोन आला. सवलत आजच्यापुरतीच, मॅडम. मी विचारलं, "डेमोतले सर स्वतः शिकवतात?" "हो मॅडम, दर रविवारी लाइव्ह असतात. येत्या रविवारी सर आहेत." मग तो सहज म्हणाला, "सर परवाच विचारत होते, बीडकडचं कुणी आलंय का म्हणून." मला तेव्हाच सांगता आलं असतं की ते सर या जगात नाहीत. मी "बरं" म्हणाले. सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला तिथून काढून टाकलं असतं.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मेल्यावर बी शिकवायलेत व्हय तुजे सर? मग पगार कुणाला जायलाय? त्यांच्या बायकूला तरी देत्यात का?" आम्ही दोघी हसलो. मग तिचा हात पिठातच थांबला. "तसल्या दारात जाऊ नगंस, बाय."

शुक्रवारी मी सरकारी संकेतस्थळावर मान्यता असलेले अभ्यासक्रम तपासले. त्या संस्थेचं नाव कुठंच नव्हतं. एका सरकारी विद्यापीठाचं होतं, फी हप्त्यानं भरता येईल अशी. त्यांच्या डेमोतल्या बाई मान वर न करता वाचून दाखवतात. कळालं का, असं एकदाही विचारत नाहीत. मी तिथं प्रवेश घेतला. तुम्ही असतात तर हेच सांगितलं असतंत.

आणि आज रविवार. त्या पहिल्या संस्थेनं डेमोसाठी पाठवलेली लिंक अजून चालू होती. ऊन कडक होतं, अंगणात आबा शेळ्यांना पाला टाकत होते. पडद्यावर एक काळा चौकोन, त्याच्यावर तुमचं नाव. कुठल्या कुठल्या गावची मुलं खाली 'गुड मॉर्निंग सर' लिहीत होती. मग तुमचा आवाज आला. बराच वेळ तुम्ही शिकवलंत आणि थांबलात. "कळालं का?" या खेपेला मी मान हलवली नाही. मोठ्यानं म्हणाले, "न्हाई, सर." आबांनी वळून पाहिलं. चौकोन काळाच होता. "बरं," तुम्ही म्हणालात, "परत सांगतो."

क्लास संपल्यावर खाली एक जागा उघडली. 'सरांना शंका विचारा.' हे सगळं मी तिथंच लिहिते आहे. पाठवायचं बटण अंगठ्याखाली आहे आणि उत्तर उद्यापर्यंत मिळेल असं शेजारी लिहिलंय. मी ते दाबणार नाही. उत्तर येणार नाही, याची भीती नाही मला. ते आलं, तर मी त्या संस्थेची फी भरून टाकीन.