हातमोजे आणि शुक्रवारचा फोन

३ जुलै २००३, गुरुवार

सातशे तीनचे वासुदेवसाहेबही आज सुट्टीवर गेले. निम्मी बिल्डिंग रिकामी, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. दर उन्हाळ्यात असंच. कुणाची तुळस, कुणाचे मासे, कुणाचा पोपट – सगळं वॉचमनच्या गळ्यात. इथे आखातात वॉचमनला नातूर म्हणतात. बावीस वर्षांत माझं नावच ते झालंय.

पण साप! वासुदेवसाहेबांच्या मुलीने, मिहिकेने, घरात दोन साप पाळलेत, हे मला आज कळलं. काचेच्या दोन पेट्या. एक बारीक, नारिंगी – त्याचं नाव मँगो. दुसरा अजगराची जात, माझ्या मनगटाएवढा जाड, तोंड पोटाशी घेऊन गोळा होऊन बसलेला – तो सुलतान. पाणी रोज बदलायचं, शनिवारी फ्रिजरमधला उंदीर कोमट पाण्यात ठेवून चिमट्याने द्यायचा, आणि खालचे कागद बदलताना साप हाताने उचलून बादलीत ठेवायचे. हाताने!

मी म्हटलं, चावतात का? मिहिका म्हणाली, "नो व्हेनम, अंकल. रिलॅक्स. ओन्ली मँगो बाइट्स, समटाइम्स."

म्हणजे चावतो. विष नाही म्हणजे दात नाहीत असं थोडंच आहे?

नाही म्हणणार होतो, पण तिच्या आईने, वीणाताईंनी, हात जोडले. "धोंडिबा, तुम्ही गावाकडचे. तुम्हाला सवय असेल." गावाकडचा आहे म्हणूनच तर भितो! आमच्याकडे साप दिसला की माणसं गोळा होतात, त्याला उचलून बादलीत ठेवत नाहीत.

मिहिकेचे हातमोजे आहेत, पण तिच्या मापाचे. माझी दोन बोटंही शिरली नाहीत.

ऑगस्ट संपताना येतील, शाळा उघडायच्या आत.

४ जुलै, शुक्रवार

गावी बायकोला, ठकूला, फोन. ती नेहमीप्रमाणे स्टँडजवळच्या बूथवर येऊन बसली होती. पाऊस आहे का – आहे. मनिऑर्डर – मिळाली. गुडघा – तसाच. जेवलात का – हो. मग नेहमीसारखी लाइन नुसती खरखरत राहिली. फोनच्या कार्डात मिनिटं उरतात आणि आमचं बोलणं संपतं. दर शुक्रवारी हेच.

आज तोंडातून निघून गेलं – साप सांभाळायला आलेत. सांगणार नव्हतो, उगाच काळजी करेल म्हणून.

मग जी बोलायला लागली! हातात काय घालणार, पायात काय घालणार, बाही केवढी. "दोन विजारी घाला एकावर एक. खालून सुतळीने बांधा. गळ्याला टॉवेल गुंडाळा. तो कंपनीचा रेनकोट आहे ना? तो घाला की." कार्ड संपलं तेव्हा ती गमबुटांवर आली होती.

कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा भरभर ऐकला.

६ जुलै

रेनकोट, दोन विजारी, गमबूट, गळ्यात टॉवेल, आणि हातात साइटवरचे विणलेले मोजे, तळहाताला निळा रबर असतो ते. लिफ्टमध्ये शेजारच्या बिल्डिंगचा राजन भेटला. केरळचा आहे, पण हिंदी आमच्यापेक्षा चांगली. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "धोंडीभाई, यल्ला, चाँद पे जा रहे हो?" बाहेर जुलैचं ऊन, आणि मी पावसाच्या कपड्यांत.

घामाने डोळे चुरचुरले. पेटीचं झाकण उघडलं. मँगोने मान वर केली. झाकण लावलं. खाली आलो.

७ जुलै

चावला. मँगो. मी जिवंत आहे.

८ जुलै

काल लिहवत नव्हतं. मोज्याचा तळवा रबराचा, पण पाठ नुसत्या सुताची. बरोबर तिथेच धरलं. सुया टोचल्यासारखं झालं, आणि रक्त बघून मीच खाली बसलो. साप शांत. सोडून मागे सरकला आणि मला बघत राहिला, जणू मीच काही केलंय. डेटॉल लावलं. रात्रभर दर थोड्या वेळाने दिवा लावून हात सुजलाय का बघत होतो.

विणलेलं कापड नको, एवढं कळलं. दात आरपार जातात.

११ जुलै, शुक्रवार

चावला हे ठकूला सांगितलं नाही. सांगितलं – सुताचे मोजे निकामी आहेत, असं वाटतंय. ती म्हणाली, कातड्याचे घ्या, जाडजूड, लोहाराकडे असतात तसले. आणि रेनकोटाचं काय झालं? म्हटलं, उकडतं. "उकडू दे. साप काय उकडतंय म्हणून सोडणार आहे का तुम्हाला?"

मी हसलो. तीही हसली. 

आज कार्डात एक मिनिटही उरलं नाही.

१३ जुलै

राजनच्या पिकअपमधून रास अल खोरला गेलो. त्याचा भाऊ तिथे वर्कशॉपच्या सामानाच्या दुकानात आहे. वेल्डिंगचे मोजे घेतले – कोपरापर्यंत येतात, आत अस्तर. वीस दिरहम, म्हणजे अडीचशे रुपये! एका उंदीर खाणाऱ्यासाठी. पण दात काय, खिळाही जायचा नाही यातून.

१५ जुलै

हे मोजेही नकोत.

भीती नव्हती, म्हणून आज सुलतानला उचललं. मोज्यातून काहीच कळत नाही – आपण किती दाबतोय, तो कुठे वळतोय. निसटेल म्हणून मी आवळून धरलं. तो फुसफुसला आणि एकदम लुळा पडला. घाबरून बादलीत ठेवला. किती तरी वेळ हलला नाही. मी मेलेल्या सापाजवळ बसल्यासारखा बसून होतो. मिहिकेला काय सांगणार?

मग जीभ बाहेर आली. मी मोजे काढून भिंतीवर मारले.

जाड कातड्यात मी वाचतो, पण तो मरेल.

१८ जुलै, शुक्रवार

ठकूला खरं सांगितलं, सुलतानला दाबल्याचं. रागावेल असं वाटलं होतं. म्हणाली, "कोंबडीचं पिल्लू धरता तसं धरायचं हो. बोटं दिसली पाहिजेत आपल्याला." मग म्हणाली, पातळ कातडं मिळत नाही का? बकऱ्याचं? शेळीचं कातडं मऊ असतं, ढोलकीवर चढवतात ते.

मला आयुष्यात सुचलं नसतं.

२२ जुलै

मिळाले. बकऱ्याच्या कातड्याचे, ड्रायव्हर लोक वापरतात तसे. पण मनगटाशीच संपतात, वर हात उघडा. म्हणून माझ्या जुन्या जीनच्या पँटचे पाय कापले आणि बाह्यांसारखे मोज्यांना शिवले. दोऱ्याला मेण लावून, दुहेरी टीप. कोपराशी इलास्टिक. घालून आरशात बघितलं – हात पोलिसासारखे दिसतात.

मँगोने दोनदा तोंड मारलं. काहीच लागलं नाही. आणि तो हातात आहे हे बोटांना कळतं. कागद बदलले. दोघंही जिवंत, मीही.

२५ जुलै, शुक्रवार

जीनच्या बाह्यांचं ऐकून ठकू खूश. शिवण किती अंतरावर घातली ते विचारलं! आता तिला सगळं ठाऊक आहे – सुलतान दिवसा कुठे बसतो, मँगो पाण्याच्या वाटीत का शिरतो. म्हणते, मँगो आमच्या भावकीतल्या शांताक्कासारखा आहे, आधी तोंड मारतो आणि मग बघतो कोण आहे ते.

फोन ठेवला की पुढच्या शुक्रवारचे दिवस मोजायला लागतो. पूर्वी असं होत नव्हतं. 

२८ जुलै

ऑफिसातल्या मधूने बोलावलं. ऑक्टोबरात साठ पूर्ण. व्हिसा खलास. पण तो म्हणतो, एक वर्ष आणखी काढता येईल, वीस सप्टेंबरच्या आत हो-नाही सांग. "गाँव में क्या करेगा, धोंडी? इधर रह."

विचार करून सांगतो म्हटलं. काय विचार करायचा? बावीस वर्षं घरी जायचं घरी जायचं करतोय. पण मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशीच आमचं बोलणं संपलं. ती रागावली नव्हती. तिचा दिवस तिच्याच हिशोबाने चालतो – दूध, कोंबड्या, शेजारणी – आणि मी जिथे उभा राहीन तिथे नेमका तिला झाडायचं असायचं. हातातली कळशी बाजूला ठेवावी तशी मला बाजूला करून पुढे जायची. पोरगी लग्न होऊन कराडला. घरात आम्ही दोघं, आणि रेडिओ.

तिथे कायमचं जाऊन फोनवरच्यासारखी खरखर ऐकत बसायचं का? याचीच भीती वाटते. सापाची नाही एवढी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या नागपंचमी. मी विसरलो होतो, ठकूने आठवण केली. म्हणाली, उद्या चिरायचं नाही, तळायचं नाही, आणि नागोबासमोर कातडं घालून जायचं नाही. मी म्हटलं, अगं, उद्या शनिवार, उंदराचा दिवस आहे! ती म्हणाली, उद्या नको. तिकडून बूथवाला हसत म्हणाला, मावशी, उंदीर तर गणपतीचा, एका देवाचं ऐकावं तर दुसरा रागावायचा. तिने त्याला गप्प बसवलं.

कातडं नाही तर काय घालू, विचारलं. "काही नका घालू. लांबून हात जोडा आणि परत फिरा."

२ ऑगस्ट, शनिवार, नागपंचमी

सकाळीच अंघोळ केली. उदबत्ती लावली नाही, त्यांना धूर चालत नाही असं मिहिका म्हणाली होती. दोन्ही पेट्यांत वाटीने थोडं दूध ठेवलं. सुलतानने बघितलंही नाही. मँगो आपल्या वाटीत जाऊन बसला. नागपंचमीला दुधाने अंघोळ!

मग वाट्या काढायला हव्या होत्या. मोजे आणले नव्हते. आधी सुलतानच्या पेटीत हात घातला. सुलतान हलला, आणि माझ्या हातावर आला. मी ओढला नाही. का ते माहीत नाही.

साप कोरडा असतो. साठ वर्षं मला वाटत होतं ओला असेल, बुळबुळीत. कोरडा, गार, आणि आत सगळं हलतंय. तो मनगटाभोवती फिरला आणि थांबला. मनगट धरून बसला. आवळलं नाही.

कुणी माझा हात धरून बसलंय असं शेवटचं कधी झालं, आठवेना. तिथेच खाली बसून राहिलो. एसीचा आवाज येत होता. उठवत नव्हतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ठकूला सांगितलं. रागावली आधी. मग म्हणाली, कोरडा? खरंच? कसा, कशासारखा? नीट सांगता येईना. म्हटलं, उन्हात वाळलेल्या कणसाच्या पातीसारखा, पण जिवंत.

  मग हळूच म्हणाली, "तुमचे हात कसे झालेत आता?"

काय सांगू? खरबरीत, म्हटलं. फिनेलने भेगा पडल्यात. ती म्हणाली, मागच्या खेपेला नीट बघितलेच नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा मोजे घालतो. ठकूची शपथ. पण सगळं आटपलं की शेवटी काढतो आणि सुलतानला थोडा वेळ मनगटावर घेतो. तेही तिला सांगितलं. "बरं," म्हणाली. एवढंच.

२८ ऑगस्ट

आले. मिहिका लिफ्टमधून धावतच गेली. मग दोन्ही साप गळ्यात घालून खाली दाखवायला आली. "अंकल, दे गॉट फॅट!" जीनच्या बाह्यांचे मोजे बघून म्हणाली, "सो कूल, कॅन आय कीप देम?" तिच्या खांद्यापर्यंत येतात. देऊन टाकले.

चांगलं झालं. सगळं सुखरूप. किल्ली परत दिली.

सुलतानला मी कोण ते आठवतही नसेल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

साप गेले म्हणून सांगणार होतो. ठकूने फोन उचलताच विचारलं, "मँगोने खाल्लं का?"

खाल्लं, म्हटलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज सांगितलं – मोज्याची टीप उसवली होती, परत घातली. दोरा कोणता, तिने विचारलं. मोजे मिहिकेकडे. मी खिडकीबाहेर बघून दोऱ्याचा रंग सांगत होतो.

मधू विचारून गेला. इन्शाल्ला, म्हटलं. तेवढ्याने त्याचं भागलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोज्यांना तेल लावलं म्हणून सांगितलं. कातडं मऊ राहतं. ती ऐकत होती, पण आज काही विचारलं नाही.

साप आहेत तोवर आम्ही बोलतो. ते संपले हे सांगितलं की काय उरणार? पुन्हा पाऊस, मनिऑर्डर, गुडघा. आणि घरी गेलो तर तेवढंही नाही. उद्या मधूला हो सांगतो. वर्षभर काहीतरी सुचत राहील.

१३ सप्टेंबर

मधू आज आला नाही. सोमवारी येणार म्हणतात.

१५ सप्टेंबर, सोमवार

मधू आला होता. मीच गेलो नाही. पाण्याचा पंप बघतोय असं सांगितलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज ठकूचा फोन आला. तिने स्वतः लावला, बूथवरून, मंगळवारी! काय झालं, विचारलं. म्हणाली, काही झालं नाही, ऐका. "साप गेले ना? मला कळलंय. आधी सुलतान काय करतो, मँगो कुठं शिरला ते सांगायचात. आता दोन शुक्रवार नुसते मोजेच सांगताय."  ती म्हणाली, "माझ्याकडं बी सांगायला पुष्कळ आहे, पण ते फोनवर नाही सांगायचं. या आता."

बावीस वर्षांत 'या' पहिल्यांदा म्हणाली. मधूला जाऊन सांगितलं, ऑफिसातला माझा पासपोर्ट काढून ठेव, घरी चाललो.