उत्तरेकडच्या गोलचं नाव

शनिवार, १४ जून, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.

प्रिय डल्सीताई,

वरची वेळ नीट वाच, कारण त्याच वेळी, भर मैदानात, शंभर माणसांसमोर माझा अपमान झाला. तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? या थंडीत बाहेर शेकोटीपाशी झोपू नकोस, असं सांगून उपयोग नाही, तरी सांगते. पाठवलेलं कांगारूचं शेपूट पोचलं. (अर्धं कुत्र्यानं खाल्लं. त्याची तब्येत उत्तम आहे.) मी आहे तशी आहे. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी यंत्र माझं रक्त धुतं, आणि उरलेले दिवस ते धुतल्याचा थकवा काढण्यात जातात. शाळेत सिस्टर बर्नडीन शिकवायच्या, पत्रात आधी खुशाली, मग तक्रार. खुशाली संपली.

क्लबनं उत्तरेकडच्या गोलला माझं नाव द्यायचं ठरवलं होतं. (प्रेक्षकांच्या सज्जाला नाही, फाटकाला नाही, संडासाशेजारच्या गोलला. पण चाळीस वर्षं गोलमध्ये उभं राहिलेल्या बाईला दुसरं काय देणार?) पाटी एप्रिलमध्येच रंगवून झाली. आणि मे महिन्यात आपली ती गेली. तुझी सख्खी धाकटी, माझी चुलत बहीण, आणि वर माझी नावबहीणही, कारण आमच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी फादरांना दोघींसाठी मिळून एकच संत आठवली. तिचं सुतक फिटेपर्यंत, मग महिने लागोत की वर्षं, तिचं नाव घ्यायचं नाही, म्हणून माझंही कुणी घ्यायचं नाही. रीत आहे. विसरलेल्या पोरांच्या तोंडावर आजवर मीच चापट्या मारल्या आहेत. तेव्हा सध्या मी नुसती ‘कुमन्जाय’, बिननावाची, मयताशी नाव जुळणाऱ्या सगळ्यांसारखी. गावात मयतं थोडी का आहेत? दवाखान्यात नर्सनं ‘कुमन्जाय’ अशी हाक मारली की आम्ही चौघी उठतो. परवा माझं इंजेक्शन दुसरीच्या दंडात जाता जाता राहिलं.

या नावासाठी मी काय केलं ते क्लबच्या अध्यक्षाला, त्या पेटिफरला, कोण सांगणार? शाळेच्या अंगणात पाण्याच्या दोन टाक्यांमधली जागा हा माझा गोल. आपली ती चेंडू मारायची, मी अडवायची. खाली सगळी खडी. सिस्टर गुडघ्यांना आयोडिन लावताना म्हणायच्या, इतके गुडघे प्रार्थनेत झिजवले असतेस तर आज संत झाली असतीस. पुढे ॲडलेडच्या शिबिरात निवड करणारा गोरा मला म्हणाला, “तुम्ही लोक पळायला बरे. गोलमध्ये डोकं लागतं.” मी म्हटलं, “मग तुम्ही नका उभे राहू.” तरी घेतलं मला. देशाच्या संघाबरोबर अकरा सामने मी बाकावर बसून काढले. बाराव्याच्या आदल्या दिवशी आई गेल्याची तार आली, मी सुतकाला घरी आले, आणि त्याच सामन्यात त्यांच्या गोलकीपरचं बोट मोडलं. माझ्या जागी एक पोरगी उभी राहिली, ती नऊ वर्षं तिथंच राहिली. मला परत कुणी बोलावलं नाही. मी दवाखान्याच्या चादरी धूत निवृत्त झाले. एका सुतकानं देशाचा गोल गेला, दुसऱ्यानं संडासाशेजारचा.

तर शनिवारी. पेटिफरनं भाषण केलं आणि पडदा ओढला. पडद्याखाली दुसरा पडदा! माझ्या नावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी चिकटपट्टी, आणि खाली फक्त ‘गोलकीपर’. पेटिफरनं आपल्या रीतींचा दोन दिवसांचा वर्ग केला आहे. त्याला वाटलं, ही वडीलधाऱ्यांचीच आज्ञा. त्यानं टोपी काढली आणि दोन मिनिटांची स्तब्धता जाहीर केली. सगळे उभे राहिले. मीही राहिले, हात जोडून, सवयीनं. अर्धी प्रार्थना झाल्यावर लक्षात आलं की मी माझ्याच आत्म्याला शांती मागते आहे.

त्या शांततेत आपली बारा वर्षांची गोलकीपर लटोया मोठ्यानं म्हणाली, “आजी, तू मेलीस, तर मग केक कोण कापणार?”

“तिलाच कापू द्या,” शेजारची मर्लीन म्हणाली. “मेलेल्यांना साखर बाधत नाही.”

कापला. दोन तुकडे खाल्ले. पट्टी कुणी लावली याचा मी कसून तपास करते आहे आणि माझा सगळा संशय पेटिफरवर आहे.

पण ताई, हे नीट ऐक. डॉक्टर माझ्याकडे न बघता कागदांकडे बघून बोलायला लागले आहेत. तिचं सुतक फिटलं की ती पट्टी निघेल, आणि मी गेले की रीतीप्रमाणे पुन्हा चढेल. मध्ये जेवढे दिवस पाटी वाचता येईल, तेवढीच माझी कारकीर्द. सुतक फिटलं असं म्हणायचा अधिकार तिची थोरली म्हणून एकट्या तुझा. ३० ऑगस्टला मुलींचा अंतिम सामना आहे आणि लटोया त्याच गोलमध्ये उभी राहणार आहे. २९ तारखेच्या आत मला लेखी उत्तर हवं. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मला बोलता येत नाही.

तुझी धाकटी,
टाक्यांच्या मधली

ता. क. पट्टी मीच लावली. त्याच सकाळी, माळ्याची शिडी घेऊन. पाटी रस्त्यावरून दिसते, आणि दवाखान्यातून तुला घरी नेणारी मंगळवारची बस साडेदहाला तिथूनच जाते. खिडकीतून तुला तिचं नाव हातभर अक्षरांत दिसलं असतं. पेटिफरची माफी मी मागणार नाही. स्तब्धता एक मिनिटाची पुरली असती.

आणखी ता. क. पाटीचं मरू दे. तुला वर्ष लागो, दोन लागोत, राहू दे झाकलेली. मला तिला एकदा हाक मारायची आहे, एवढंच. रोज तोंडाशी येते आणि मी गिळते. उत्तर मात्र २९ ऑगस्टच्या आत पाठवच. आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल. पाकिटावर ‘कुमन्जाय’ असेल तर मी समजेन की अजून नाही, आणि गप्प बसेन. पण आमचं नाव असलं, तर पोस्टाच्या दारातच मी ते मोठ्यानं वाचणार आहे. लोकांना वाटेल, म्हातारी स्वतःलाच हाका मारते आहे. वाटू दे.