टोपीच्या दिवशीचा चेहरा

आई,

मी मावशीच्या तळ्याकाठच्या घरी चाललेय. कागद सापडेना, म्हणून तुझ्या सलूनच्या जाहिरातीमागे लिहितेय.

काल सॉनाच्या वाफेत पाठ चोळताचोळता तू माझ्या तोंडालाही क्रीम फासलंस. वर म्हणालीस, "बोटभर क्रीमने काय होतंय, वेडाबाई!" सकाळी माझ्या कातडीवर प्रयोग करणाऱ्या विद्यापीठातल्या बाईंना फोन करून मी खरं ते सांगितलं. क्रीमांनी हुसकावलेले माझे मूळचे जिवाणू कातडीवर परततात का, हे बघायला तीन आठवडे तोंडाला नुसतं पाणी लावायचं असतं. माझे अठरा दिवस झाले होते. आता पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे शाळा संपल्याची पांढरी टोपी मी घालेन, तेव्हा माझा चौदावा दिवस असेल आणि चेहरा असाच लाल, खवल्यांचा. तुझ्या गिऱ्हाइक बायका त्या दिवशीच्या पार्टीत केक खाताखाता विचारतीलच, "काय गं, ब्यूटिशियनच्या पोरीचं हे असं?" त्यांना सांग, आठ वर्षं दुकानातली प्रत्येक बाटली हिच्यावर रिकामी केली, तेव्हाही असंच होतं.

तुला सांगवलं नाही तर मी सांगेन. फोटोत मी मधोमध उभी राहणार आहे. शेजारी उभं राहायचं की नाही, ते तू ठरव.

सायमी