अर्धा कप चहा

चि. तेमिरकुल, तुला नि घरच्यांना सायराताईचे आशीर्वाद.

तुझ्या भाच्यावर, उलानवर, उगाच डाफरू नकोस. बिश्केकमधला हा वृद्धाश्रम माझा मीच निवडला. खिडकीतून तुझ्याकडचे डोंगर दिसतात.

इथे सत्तरीची मीच सगळ्यांत धाकटी, म्हणून चहा ओतायचं काम माझ्याकडे. "सूनबाई, आण गं किटली!" असं म्हातारे चिडवतात.

तुझे गुडघे कसे आहेत? घोडी व्याली का?

काल उलान आला होता. आपल्या रीतीप्रमाणे मी त्याला अर्धाच कप ओतला, म्हणजे तो पुन्हा मागेल आणि तेवढा वेळ बसेल. तो तेवढाच पिऊन म्हणाला, "बरं आई, निघतो."

तू आलास की तुलाही अर्धाच देईन. पुन्हा माग हं.

तुझी ताई