राहिलेला उजवा गाल

अप्पा, तुमचा वस्तरा परवा कपाटातून बाहेर काढला. तुम्ही गेल्यापासून तो पत्र्याच्या डब्यात तसाच पडून होता आणि माझा हात काही तिकडे जात नव्हता. धाकट्याचा फोन आला म्हणून काढला. मुंबईत सध्या असल्या जुन्या वस्तऱ्यांचं वेड आलंय म्हणे. "ताई, तो मला दे. इथं एक जण चाकावर धरून आरशासारखा करून देतो," म्हणाला. चाकाचं नाव काढलं आणि माझं डोकंच फिरलं. चाकावर पातं तापतं, तापलं की त्याचं पाणी उतरतं नि धार टिकत नाही, हे तुम्हीच ना सांगितलेलं? म्हटलं, काही नको, मीच साफ करते, गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा.

आधी तर तो उघडेचना. खिळीपाशी गंज धरून पातं मुठीत पार चिकटलेलं. आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे त्या बिचाऱ्याचं काय. गंजाशी भांडू नये, त्याला तेल पाजावं आणि वाट बघावी, असं तुमचं म्हणणं. शिवणयंत्राचं तेल पाजलं आणि वाट बघत बसले. मग जुन्या टूथब्रशनं वरचा तांबडा गंज काढला आणि मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपातून आणलेला अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून पाठीकडून धारेकडे हळूहळू फिरवत राहिले. तांबडा उतरला की खाली काळे ठिपके दिसतात, ते खोल गेलेले असतात, ते निघत नाहीत. पण पात्याच्या बुडाशी कोरलेलं छोटंसं जहाज निघालं बरं का. बोटीवर असताना कुठल्या बंदरात हा वस्तरा घेतला ते तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात. आई म्हणायची, "भेंडीबाजारात घेतलान असेल, नि सांगतायत विलायत." तुम्ही मिशीत हसायचात आणि पुढच्या खेपेला बंदर बदलायचात.

तुमचे हात थरथरायला लागले तेव्हा तुम्ही वस्तरा माझ्या हातात दिलात, धाकट्याच्या नाही. सकाळी मागच्या पडवीत खुर्ची, खांद्यावर पंचा, वाटीत कोमट पाणी. मी भीतभीत वस्तरा लावते आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणता, "बाय, दाब नको देव. कातडी माझी हाय, नारळ सोलत न्हायस." आधी डावा गाल, मग उजवा, मग हनुवटी, हा तुमचा क्रम. दाढी झाली की गालावरून हात फिरवून बघायचात आणि कुठेतरी एखादा खुंट सापडला की माझी चूक धरली म्हणून केवढे खूश! दाढी केल्याशिवाय दूधवाल्यासमोरसुद्धा न जाणारा माणूस तुम्ही.

त्या दिवशी डावा गाल झाला होता. उजव्याला फेस लावलेला. तुम्ही म्हणालात, "थांब जरा," आणि मान एका बाजूला गेली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. रिक्षात मी पदरानं तुमच्या गालावरचा फेस पुसत होते, तेवढंच मला सुचत होतं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. घरी आणलं तेव्हा एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर पांढरे खुंट, आणि सगळी आळी बघायला आलेली. मी काकांना म्हटलं, तेवढा एक गाल करू द्या मला. काका म्हणाले, "बाईमाणसान मयताला वस्तरा लावायचा नसता. गप ऱ्हव." न्हाव्यानं धाकट्याचं डोकं भादरलं, तुमच्याकडे कुणी बघितलं नाही. तुम्हाला तसंच नेलं, अप्पा. अजूनही मला तुमचा चेहरा आठवतो तो तसाच, अर्धा.

पडवीतला वस्तरा त्या गडबडीत कुणीतरी ओलाच मिटून डब्यात टाकला होता. हा सगळा गंज त्या पाण्याचा, हे मला काल कळलं. पातं साफ झालं म्हणून मुठीच्या फटीत रॉकेलचा कापूस घातला. पहिला बोळा काळाकुट्ट निघाला, तो मी मोरीत टाकून पाणी ओतलं. दुसऱ्या बोळ्यावर वाळलेल्या साबणाची राखाडी पूड होती आणि तिच्यात बारीक पांढरे केस. तुमचे. डाव्या गालाचे. मी मोरीकडे धावले, पण पहिला बोळा केव्हाच वाहून गेला होता. मग तिथेच बसून रडले. एवढी म्हातारी बाई मी, कापसाच्या बोळ्यासाठी रडत बसले. दुसरा बोळा कागदात बांधून ठेवलाय. फट पुढे साफ केली नाही.

आज सकाळी तुमच्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा मागे-पुढे फिरवला, तुम्ही दाखवला होता तसा. दुपारी धाकट्याचा फोन आला. "ताई, धार लागली का गो?" म्हटलं, "नाही रे. गंजानं पार खाल्लीय. शोभेला ठेव हवा तर." तो हिरमुसला. गरीब आहे, लगेच विश्वास ठेवला त्यानं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. त्या कागदाच्या पुडीशेजारी डब्यात ठेवीन. धार लागलीय, अप्पा. नखावर लावून बघितली मी, छान लागलीय. पण या वस्तऱ्याची पुढची दाढी तुमच्या उजव्या गालाची होती. ती राहिलेली असताना दुसऱ्या कुणाच्या गालाला तो मी कसा लावू देऊ?