बिनआवाजाचं चाक

३ नोव्हेंबर

मंचेरियलला दुकानासाठी वह्या आणायला गेलो आणि सायकलची चाकं घेऊन आलो! राजकुमारच्या सायकलच्या दुकानात जुना माल काढायचा म्हणून सूट होती. डायनामो चाकाच्या मधल्या हबमध्येच — टायरला घासायला नको, पायाला जड नाही, आवाज तर अजिबात नाही. अट एकच — जोडी घेतली तरच सूट. दोन्ही पुढचीच. घेतली.

मथुरा दारातच, “दोन-दोन पुढची चाकं! काऊन, तीनचाकी करून राह्यले का तुमी?”

हसू दे. वांकिडीचं दुकान बंद करून गावी येईपर्यंत आता अंधार पडतो. दिवा पाहिजेच.

४ नोव्हेंबर

एक चाक बसवलं, दुसरं माळ्यावर टाकलं. जुना डायनामो भंगारवाल्याला दिला. बावीस वर्षं घरघरला बिचारा.

५ नोव्हेंबर

उजेड लख्ख, आवाज शून्य!

आणि खरी मजा वेगळीच. अकरा वर्षं रोज संध्याकाळी तोच अपमान — पाराजवळ माझा डायनामो घरघरला की भिंतीपलीकडे शामरावदादा दाराची कडी लावणार. खाडकन्! धाकटा भाऊ आला, लावा दार! अंगणातली चिंच तोडली त्यावरून अबोला झाला, मध्ये भिंत घातली, माझं फाटक मागच्या गल्लीत गेलं, तरी याचा राग जात नाही. आज मी गुपचूप घरात. कडी वाजलीच नाही. फसला गडी!

६ नोव्हेंबर

आजही नाही वाजली. जेवताना एकटाच हसत होतो.

९ नोव्हेंबर

थंडी एकदम पडली. आमची जेवणं झाली तरी दादाचं दार उघडंच. ओट्यावरून खोकला ऐकू येत होता. वाट बघत असेल कुणाची. त्याचा मुलगा आलोक यायचा असेल चंद्रपूरहून. आपल्याला काय!

१३ नोव्हेंबर

आज गयावहिनी आमच्या मागच्या दारात आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी आत जेवत होतो, तिला दिसलो नसेन.

मथुरेला म्हणत होती, “भाऊजी घरी आले का तेवढं भिंतीवरून सांगत जाय ना, बाई. यायले त्यायचा डायनामो ऐकल्याबिगर चैन नाई. ‘सुधाकर आला’ म्हनत, कडी लावत, मंगच ताटावर बसत. आता आवाजच येत नाई. रोज थंडीत ओट्यावर बसून राह्यतेत. छाती भरली पुरी.”

अकरा वर्षं! मी त्या कडीला शिवी समजत होतो. आणि तो खोकत होता तेव्हा हसत होतो. माझ्यासारखा नालायक मीच.

१४ नोव्हेंबर

सकाळी दादाच्या ओट्यासमोरून तीनदा गेलो. ‘दादा, आलो’ — दोन शब्द. रोज संध्याकाळी तेवढं म्हटलं तरी भागलं असतं. तो रस्त्याकडे पाठ करून शेगडीपाशी बसला होता. मी तसाच पुढे निघून गेलो.

लिहायलाही लाज वाटते. ते दोन शब्द वाचवायला मी बस धरून मंचेरियल गाठलं! टायरला घासणारा जुना डायनामो मागितला तर राजकुमार म्हणाला, “अब ये कौन लेता है, चाचा?” मग डब्यातून एक गंजका डायनामो शोधून दिला. परतायला उशीर झाला. उद्या बसवतो.

१५ नोव्हेंबर

बसवला. तार जोडली नाही — उजेड नव्याचा, आवाज जुन्याचा. पारापासून घरघर करत आलो, मुद्दाम हळू. फाटकाशी थांबून कान दिला. कडी नाही.

मथुरा बाहेर आली. “दुपारीच नेलं दादायले. आलोक गाडी घेऊन आला होता, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. लय दम लागला होता. वहिनी पन गेल्या, किल्ली देऊन गेल्या.”

काल परतल्यावर कंदील धरून बसवला असता तर?

१८ नोव्हेंबर

फोन करावा असं रोज वाटतं. फोनवर काय बोलणार? आला की समोरच बोलेन. माळ्यावरचं दुसरं चाक काढून पुसलं. ते दादाच्या सायकलीला बसवून देतो.

२० नोव्हेंबर

सकाळी आलोकचा फोन आला. “काका, बाबाले घरी घेऊन येऊन राह्यलो.” एवढंच बोलला. म्हणजे बरा झाला! दुकान दुपारीच बंद केलं. मथुरेकडून किल्ली घेऊन दादाचं दार उघडलं आणि ओट्यावर जाऊन बसलो.

सहाच्या सुमारास दवाखान्याची गाडी पारावरून वळली. भोंगा नाही, काही नाही. आलोक उतरला आणि माझ्या गळ्यात पडला. आत वहिनी डोक्यावरून ओढलेल्या पांढऱ्या चादरीशेजारी बसली होती.

‘दादा, आलास?’ — दोन शब्द. तयार ठेवले होते.